अलिबाग ते रेवदंडा: नवशिक्या सायकलस्वारांच्या एका सकाळीचा प्रकरण अभ्यास

सायकल नुकतीच चालवू लागलेल्या माणसाला कोकणचा किनारा सायकलवरून दाखवायचा म्हटला, तर जागा शोधण्यातच निम्मी शक्ती खर्च होते. किनाऱ्यावरची गावे बहुधा दोन डोंगरांच्या कुशीत वसलेली असतात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायचे तर मधला सडा, म्हणजे कातळाचे पठार, चढून उतरावा लागतो. रायगड जिल्ह्यातील अलिबाग ते रेवदंडा हा सुमारे १७ किलोमीटरचा पट्टा याला अपवाद आहे. अलिबाग, आक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा ही गावे एकाच सपाट किनारपट्टीवर ओळीने आहेत, रस्ता माडा-पोफळीच्या वाड्यांमधून जातो आणि पश्चिमेकडे समुद्र बहुतेक ठिकाणी चालत जाण्याच्या अंतरावर असतो. ही वाट कोणी सायकलींसाठी बांधलेली नाही. तरीही नवशिक्यांना ती का झेपते आणि कुठे झेपत नाही, हे आमच्या कुटुंबातील तिघांनी केलेल्या एका फेरीच्या आधाराने येथे मांडले आहे.

या भागाला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे बागायतीची किनाऱ्यालगतची जमीन. उत्तरेला सासवण्यापासून दक्षिणेला रेवदंड्यापर्यंतच्या गावांची ही माळ आहे. आठ गावे नेमकी कोणती याबद्दल मात्र सांगणाऱ्यागणिक यादी बदलते. वाड्यांना गोडे पाणी जवळ लागते, म्हणून वस्ती दाट आहे आणि एका गावाची वेस संपते न संपते तोच दुसऱ्याची घरे सुरू होतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने या दाटीचा अर्थ असा, की रस्त्याला सावली आहे, दर थोड्या अंतरावर माणूस भेटतो आणि पाण्याची बाटली भरून घेण्यासाठी कोणत्याही अंगणात हाक मारता येते.

फेरीत सहभागी झालेले तिघेही नवशिके होते, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. साठी ओलांडलेली माझी आत्या शाळेत असताना सायकल चालवत असे. लग्नानंतर डोंबिवलीत तिचा सायकलशी संबंध सुटला तो सुटलाच. तिचा तोल पक्का होता, मात्र दम आणि गुडघे यांची खात्री नव्हती. तिची सून, म्हणजे माझी वहिनी, सोसायटीच्या आवारात अलीकडेच सायकल शिकली होती आणि वाहता रस्ता तिने सायकलवरून कधी पाहिलाच नव्हता. तिसरा आत्याचा अकरा वर्षांचा नातू. त्याला तोलही होता आणि दमही होता, फक्त भीती नव्हती, आणि रस्त्यावर ही उणीव इतर दोन्हींपेक्षा अधिक जोखमीची ठरते. नवशिक्यांसाठी म्हणून सुचवलेले मार्ग सहसा केवळ चढ किती आणि अंतर किती एवढेच सांगतात; वरच्या तिघांना लागणाऱ्या गोष्टी इतक्या निरनिराळ्या होत्या, की त्या दोन आकड्यांतून फारसे काही हाती लागले नसते.

दिवस निवडताना चार गोष्टी पाहिल्या. शनिवार-रविवार वर्ज्य, कारण मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी हा अरुंद रस्ता त्या दिवशी भरून जातो आणि नागावच्या आत वळणाऱ्या फाट्यांवर कोंडी होते. चौलच्या डोंगरावरील दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेपासून पुढे काही दिवस चालते, तेव्हा चौल नाक्यावरून सायकल हातात धरूनही नेणे अवघड असते. म्हणून मार्गशीर्षही सोडला. पौषातील कामाचा वार घेतला. तिसरी गोष्ट ओहोटीची. नागावची पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळूची पट्टी, ओहोटीला रुंद आणि टणक होते आणि तिच्यावर वहिनीला रहदारीविना चालवण्याचा सराव मिळणार होता. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. द्वितीयेला हा हिशेब दीड वाजता भरती सांगतो, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेसातच्या आगेमागे येते. नागावला आठच्या सुमारास पोहोचायचे, तर द्वितीया किंवा तृतीया सोयीची. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ असल्याने उधाणाचा जोरही असतो, त्यामुळे पाणी लांब आत ओढले जाते. अष्टमीच्या सुमारास, भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या भांगाच्या दिवसांत, तेवढी पुळण उघडी पडत नाही. आम्ही पौष वद्य द्वितीया धरली.

चौथी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. तो मंद असतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याला डाव्या अंगाने लागतो, त्रास देत नाही. जमीन तापली की साधारण अकराच्या पुढे खारा वारा सुरू होतो आणि या ऋतूत तो वायव्येकडून येतो. त्यामुळे सकाळी रेवदंड्याकडे जाणे सोपे आणि दुपारी अलिबागकडे परतणे अवघड, असा या रस्त्याचा एकतर्फी स्वभाव आहे. हे आधीपासून ठाऊक होते, पण मुक्काम अलिबागला असल्यामुळे दिशा बदलण्याची सोय नव्हती. परतीची सक्ती कोणावरही नाही, एवढे मात्र निघण्याआधीच ठरवून घेतले.

सायकलींपैकी एक गियर नसलेली, आडवी दांडी नसलेली जुनी सायकल आत्यासाठी होती, एक गियरची वहिनीसाठी आणि एक लहान चाकांची मुलासाठी. वहिनीची सीट इतकी खाली घेतली, की बसल्या जागी दोन्ही तळपाय जमिनीला टेकावेत. त्याने पॅडल मारताना गुडघे जास्त वाकतात आणि लांब पल्ल्याला ते दुखतात, हे खरे. पण पाय टेकण्याचा भरवसा नसेल तर नवशिका माणूस गाडी दिसताच घाबरून उडी मारतो, आणि तो धोका मोठा. आत्याची सीट मात्र उंच ठेवली. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी मारली, कारण अर्धा भाग खड्ड्यांचा आणि थोडा वाळूचा होता. क्रम असा ठरला: पुढे मुलगा, मग आत्या, मग वहिनी, शेवटी मी. मुलाला पुढे ठेवण्याचे कारण तो नजरेसमोर राहावा. मी वहिनीच्या मागे राहण्याचे कारण अधिक तांत्रिक आहे. मागून हॉर्न वाजला की नवशिका मान वळवतो, मान वळली की खांदा वळतो आणि सायकल त्याच बाजूला, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे सरकते. तिने मागे पाहायचेच नाही, मी ‘गाडी’ म्हटले की डावीकडे धरून सरळ चालवत राहायचे, असा नेम केला. संपूर्ण सकाळीत याचा जितका उपयोग झाला तितका हेल्मेटचाही झाला नाही. हेल्मेटची गरजच पडली नाही, हा भाग वेगळा.

उजाडताच निघालो. या मार्गावर घाट म्हणावा असे काही असेल तर तो साखर-आक्षीच्या खाडीवरचा पूल. चढ किरकोळ आहे, मोटारीत बसलेल्याला तो कळतही नाही. पण पुलावर रस्त्याची कड संपते आणि लगेच कठडा सुरू होतो, समोरून एस.टी. आणि मागून टेम्पो एकाच वेळी आले, तर डावीकडे सरकायला जागा उरत नाही. वहिनी पुलाच्या तोंडाशी आली आणि थांबली. “भाऊजी, तुम्ही व्हा पुढे, मी चालत येते,” ती म्हणाली. आत्याने पुढून वळून पाहिले आणि ओरडून सांगितले, “उतर की! पूल काही पळून जात नाही.” सायकल उजव्या हाताला, स्वतः कठड्याच्या बाजूला, अशी ती चालत पूल ओलांडून आली. खाली होड्यांवर डिझेल चढवण्याची गडबड चालू होती आणि सुक्या मासळीचा वास पुलावर येत होता. पुलावर सायकलवरून उतरणे हे नवशिक्याला अपयश वाटते. प्रत्यक्षात त्या सकाळीतला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता आणि तो तिने कोणी न सांगता घेतला, म्हणून त्याची नोंद येथे सविस्तर केली आहे.

आक्षीत इ.स. १०१२चा मानला जाणारा शिलालेख आहे. मराठीतील सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते आणि आत्या मराठीची शिक्षिका असल्याने तिथे थांबणे ओघाने आलेच. थांबा थोडा लांबला, पण तो नेमका वहिनीच्या तळहातांना मुंग्या येऊ लागल्या त्या वेळी मिळाला. हँडल घट्ट आवळून धरण्याची सवय हे त्याचे कारण होते. बोटे सैल ठेवून कोपर किंचित वाकवले, की खड्ड्याचा हिसका खांद्यापर्यंत जात नाही. हे सांगून समजते, पण अंगवळणी पडायला पुळणीवर जावे लागले.

नागावला सुरूच्या बनातून समुद्रावर उतरलो तेव्हा पाणी दूर गेलेले होते. बनालगतच्या कोरड्या वाळूत चाक रुतते, तेवढा भाग सायकल हाताने ढकलावी लागते. त्यापुढची काळसर ओली वाळू मात्र डांबरासारखी दाबलेली असते आणि तिच्यावर टायरची नक्षी स्पष्ट उमटते. वहिनीने येथे पहिल्यांदा एक हात हँडलवरून सोडून पाहिला. मुलाने आठाच्या आकाराची वळणे घेतली. आत्याने सायकल उभी करून, चपला हातात घेऊन पाण्यातून चालणे पसंत केले. पुळणीवर सायकल चालवण्याची किंमत नंतर मोजावी लागते: खारे पाणी आणि वाळू चेनमध्ये शिरते आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल दिले नाही, तर काही दिवसांत ती गंजून करकरू लागते. मागच्या चाकाच्या दात्यांमध्ये अडकलेली वाळू जुन्या दातघासणीने काढावी. कापडाने ती नुसती पसरते.

नागावच्या खानावळीत घावन-चटणी खाऊन झाल्यावर वहिनीने येथेच थांबण्याचे ठरवले. गुडघे भरून आले होते आणि पुढचा नागाव-चौल टप्पा रहदारीचा होता. ती ज्यांच्या ओळखीने आम्ही सकाळी पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या त्या वाडीतल्या घरी गेली, सायकल त्यांच्या पडवीत लावली आणि अलिबागला परतण्यासाठी मिनीडोअर, म्हणजे इथली शेअर रिक्षा, पकडण्यापूर्वी पांढऱ्या कांद्याच्या लागवडीबद्दल घरच्या काकूंकडून भरपूर माहिती मिळवून आली. हे तपशील गौण वाटतील, पण फेरी अर्ध्यावर सोडणारा माणूस त्यानंतरचा वेळ कसा घालवतो, यावर तो पुन्हा सायकलवर बसणार की नाही हे बरेचसे ठरते. रस्त्याच्या कडेला उन्हात वाहनाची वाट पाहत बसलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

चौलपर्यंतचा रस्ता वाड्यांच्या गडग्यांमधून वळणे घेत जातो. येथे साइडपट्टीचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. डांबराची कड आणि बाजूची माती यांत काही ठिकाणी चार बोटांचे अंतर आहे. मोठ्या गाडीला वाट देण्यासाठी खाली उतरणे सोपे, पण चालत्या सायकलवरून तिरक्या कोनात पुन्हा वर चढू पाहिले, तर पुढचे चाक कडेला घासत जाते आणि हँडल हातातून फिरते. मुलाचे तसेच झाले. तो पडला नाही, पाय टेकवून सावरला. मात्र त्यानंतर खाली उतरल्यास थांबून सायकल उचलूनच वर घ्यायची, हे त्याने काटेकोरपणे पाळले. काकाने आधी तोंडी सांगितले होते तेव्हा ते त्याच्या कानावरून गेले होते.

चौलला रामेश्वराच्या पुष्करणीच्या काठावर आत्याने फेरी संपवली. दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढण्याचा तिचा मूळ बेत तिने पायथ्याला न जाताच रद्द केला. दम शिल्लक होता, पण परतीचा विचार करून तिने तो राखला. चौल नाक्यावर मिनीडोअर मिळाली. (चालकाने सायकल टपावर बांधून नेण्याची तयारी दाखवली, ती आम्ही हात जोडून नाकारली आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या टेम्पोतून चौलची सायकल आणि नागावच्या सायकली एकदमच आणवल्या.) पुढे मुलगा आणि मी रेवदंड्यापर्यंत गेलो. रस्ता पोर्तुगीजांच्या किल्ल्याची तटबंदी भेदून गावात शिरतो; १७४०मध्ये हे ठाणे मराठ्यांकडे आले. मुलाला तटापेक्षा कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल अधिक आवडला आणि तो ओलांडून कोर्लईला जाऊ या, असा त्याने आग्रह धरला. तो मानला नाही. पुलापलीकडे कोर्लई, काशीद, मुरूड या दिशेने चढउतार सुरू होतात आणि गावांमधील अंतरेही वाढतात. नवशिक्यांची हद्द रेवदंड्याला संपते.

परत फिरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि वारा समोरून लागत होता. तोच रस्ता, तोच मुलगा, पण वेग निम्म्यावर आला. वाड्यांच्या सावलीत वारा अडत होता, तेथे तो गप्पा मारत चालवी. मोकळ्या शेतांजवळ आलो की गप्प होई. मी पुढे राहून त्याला आडोसा दिला, तरी नागावपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता. तेथून आम्ही दोघेही सायकली त्याच पडवीत लावून एस.टी.ने अलिबागला आलो. अलिबाग ते रेवदंडा आणि परत अशी पूर्ण फेरी, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर, आमच्यापैकी एकानेही केली नाही.

या प्रकरणातून माझे मत असे बनले आहे, की नवशिक्यांची वाट तिच्या सपाटपणापेक्षा ती सोडण्याच्या जागांवर पारखावी. येथे तिघांनी तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर फेरी सोडली आणि प्रत्येक वेळी वाहन, सावली, पाणी आणि सायकल ठेवायला जागा मिळाली. दिवेआगर ते श्रीवर्धन हा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता देखणेपणात अलिबाग-रेवदंड्याच्या कितीतरी पुढे आहे, यात वाद नाही. पण तेथे वस्तीविना जाणारे लांब तुकडे आहेत, चढ आहेत, सावली कमी आहे आणि मधल्या टप्प्यावर थकलेल्या माणसाला वाहनासाठी ताटकळावे लागते. मालवणजवळचा तारकर्ली-देवबाग हा कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधला निमुळता पट्टा सपाट आहे, वस्तीचाही आहे. तेथे अडचण एवढीच, की संगमावर रस्ता संपतो आणि आल्या वाटेने परतावेच लागते. रेवदंड्याच्या वाटेला पाच गावे आहेत आणि प्रत्येक गावापासून दोन्ही दिशांना वाहतूक चालते. नकाशावर चढाची रेघ दिसते, ही सोय दिसत नाही.

उणिवाही स्पष्ट आहेत. आक्षीच्या पुलावर पादचारी आणि सायकलींसाठी वेगळी पट्टी हवी. साऱ्या मार्गावर स्वतंत्र सायकल ट्रॅक बांधण्याच्या खर्चिक कल्पनेपेक्षा ही एक पट्टी आणि साइडपट्टीची मुरुमाने केलेली भर नवशिक्यांच्या अधिक कामाची आहे. वाड्यांची जमीन घेऊन रस्ता रुंद करणे मात्र नको, कारण सावली गेली तर या वाटेचे निम्मे गुण जातील. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची वानवा ही रस्त्याइतकीच मोठी अडचण आहे. आत्या आणि वहिनी यांनी सकाळभर पाणी कमी प्यायले ते याच कारणाने, आणि उन्हात सायकल चालवणाऱ्याने पाणी टाळणे चांगले नाही.

रेवस ते रेड्डी हा सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी महामार्ग आणि त्यावरील खाड्यांचे पूल पूर्ण झाल्यावर दूरची वाहने कोणत्या रस्त्याने धावतात, यावर या वाटेचे पुढचे भवितव्य अवलंबून आहे. ती बाहेरून गेली, तर आक्षी-नागाव-चौलचा आतला रस्ता शनिवारीही सायकलींना वापरता येईल. ती गावांतूनच गेली, तर नवशिक्यांना कामाच्या वाराची पहाट सोडून दुसरा पर्याय राहणार नाही.

पुढची फेरी उलट्या दिशेने योजली आहे. सायकली आदल्या संध्याकाळी टेम्पोने रेवदंड्याला पाठवायच्या, मुक्काम तेथेच करायचा आणि उजाडताच उत्तरेकडे निघायचे, म्हणजे खारा वारा सुटण्याआधी अलिबाग गाठता येते. वहिनीने नागावपासून सामील होण्याचे कबूल केले आहे. आत्याला मात्र भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने सायकलसह मांडव्याला उतरून सासवणे, आवास, किहीमच्या बाजूने अलिबागला यायचे आहे. तो टप्पा थोडा लांब आहे आणि आतल्या रस्त्याला फाटे फार आहेत, तेव्हा तो आधी मोटारसायकलवरून पाहून, मिनीडोअरचे थांबे टिपून घेतल्याशिवाय तिला नेणार नाही, असे तिला कळवले आहे.